नारायण : ऋषीपासून पाळण्यापर्यंत

मराठी पुरुषनामांत काही नावे अशी आहेत की ती उच्चारली असता देवाचा निर्देश होतो की शेजारच्या माणसाचा, हे केवळ प्रसंगावरूनच ठरते, आणि 'नारायण' हे त्यांतील एक ठळक नाव होय. सत्यनारायणाच्या पूजेत ज्याचे आवाहन होते तो देव, पहाटे उगवणारा सूर्यनारायण, पुण्यातील नारायण पेठ, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, दुखऱ्या गुडघ्याला चोळायचे महानारायण तेल, लग्नघरातील सगळी कामे अंगावर घेणारा 'नारायण' आणि शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव व आडनाव यांच्यामध्ये लिहिलेले वडिलांचे नाव, या सर्व ठिकाणी शब्द एकच असला तरी त्याचे काम प्रत्येक वेळी निराळे असते. या नावाचा इतिहास तपासला असता त्यात दोन उलट दिशांच्या हालचाली दिसतात : प्राचीन काळी एका ऋषितुल्य पुरुषाचे नाव देवाचे झाले, आणि पुढे धर्मशास्त्राचा संकोच बाजूला सारून भक्तिपरंपरेने तेच देवाचे नाव माणसांना परत दिले.

शब्दाचा अर्थ

'नारायण' या शब्दाची सर्वांत प्रसिद्ध फोड मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आणि थोड्याफार फरकाने महाभारतात व पुराणांत आढळते. तिच्यानुसार 'नर' म्हणजे परमपुरुष, त्याच्यापासून उत्पन्न झालेल्या जलाला 'नारा' म्हणतात, आणि सृष्टीच्या आरंभी हे जलच ज्याचे 'अयन' म्हणजे आश्रयस्थान होते तो नारायण. शेषावर पहुडलेल्या, क्षीरसागरात निवास करणाऱ्या विष्णूचे जे चित्र घरोघरी परिचित आहे, ते या व्युत्पत्तीशी इतके जुळते की शब्दावरून चित्र आले की चित्रावरून शब्दाचा अर्थ लावला गेला, असा प्रश्न अभ्यासकाला पडावा. दुसरी फोड व्याकरणाच्या अंगाने जाणारी आहे. संस्कृतात 'आयन' हा प्रत्यय लागून वंशज किंवा गोत्रज दाखवणारी नावे तयार होतात, जसे कात्यायन, वात्स्यायन, आश्वलायन, बादरायण. त्याच साच्यात 'नर' या शब्दापासून 'नारायण' सिद्ध होतो. शब्दात आधी आलेल्या 'र'च्या प्रभावाने शेवटचा 'न' बदलून 'ण' होतो, आणि 'रामायण' व 'उत्तरायण' या शब्दांतही हाच नियम लागू पडतो.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी वैष्णव, शैव व इतर पंथांवरील आपल्या 1913 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात पाणिनीच्या सूत्राचा आधार घेऊन 'नारायण' म्हणजे नराचे किंवा नरसमूहाचे विसाव्याचे, अंतिम गतीचे स्थान, असा अर्थ पुढे मांडला. पहिल्या फोडीत देव जलावर विसावतो, तर भांडारकरांच्या अर्थानुसार माणसेच देवाच्या ठायी विसावतात. मराठीतील 'नराचा नारायण होणे' हा वाक्प्रचार, म्हणजे सामान्य माणसाने स्वतःच्या कर्तृत्वाने देवपदाला पोहोचणे, या दुसऱ्या अर्थाशी जवळचे नाते सांगतो.

वैदिक वाङ्मयात मात्र नारायण हा प्रारंभी विष्णू नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्ताचा द्रष्टा म्हणून, म्हणजे ज्याला ते सूक्त स्फुरले असे मानले जाते तो ऋषी म्हणून, परंपरा नारायणाचे नाव सांगते. शतपथ ब्राह्मणात 'पुरुष नारायण' येतो, तो पाच दिवसांचे एक सत्र करून सर्व भूतांहून श्रेष्ठ होणारा यज्ञकर्ता या रूपात. तैत्तिरीय आरण्यकाच्या शेवटच्या भागात, ज्याला महानारायण उपनिषद असेही म्हणतात, नारायण, वासुदेव आणि विष्णू ही तिन्ही नावे एकाच मंत्रात एका देवतेसाठी आलेली दिसतात. पूजास्थळाच्या नावात हा शब्द असल्याचा फार जुना पुरावा राजस्थानात चित्तोडगडजवळ घोसुंडी येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात मिळतो. त्यात संकर्षण आणि वासुदेव यांच्या पूजेसाठी बांधलेल्या दगडी आवाराला 'नारायणवाटिका' म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय उपाख्यानापर्यंत येईतो नारायण हा सर्वश्रेष्ठ देव ठरला होता, तरी बदरिकाश्रमात तप करणाऱ्या नर-नारायण या जोडऋषींच्या कथेत त्याचे जुने ऋषिरूपही टिकून राहिले.

धर्मशास्त्राची नापसंती आणि अजामिळाची कथा

मुलाचे नाव कसे असावे याविषयी गृह्यसूत्रांनी, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या सूत्रग्रंथांनी, बारकाईने नियम घालून दिले आहेत. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव घोषवर्णाने सुरू व्हावे, म्हणजे ज्याच्या उच्चारात कंठातील तंत्री कंप पावतात अशा व्यंजनाने. मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण असावा. शेवटी विसर्ग असावा. आणि अक्षरे दोन किंवा चार असावीत. या कसोट्या एकेक करून लावल्या तर 'नारायणः' हे नाव सर्वांना उतरते : आरंभीचा 'न' घोष आहे, मध्ये 'र' आणि 'य' हे दोन अंतःस्थ आहेत, अक्षरे ना, रा, य, ण अशी चार आहेत आणि संस्कृत रूपाचा शेवट विसर्गाने होतो.

असे असूनही जुन्या काळी हे नाव मुलाला थेट ठेवण्यात अडचण होती. मानव गृह्यसूत्रात मुलाचे नाव देवतेच्या किंवा नक्षत्राच्या आश्रयाने बनवावे असे म्हटले असले, तरी देवतेचे नाव जसेच्या तसे ठेवण्यास मनाई केली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात नामकरणाच्या प्रकरणात या निषेधाची नोंद घेतली आहे. म्हणजे विष्णुमित्र, देवदत्त किंवा रोहिणी नक्षत्रावरून रौहिण अशी नावे चालत, पण मुलाला देवाच्याच नावाने हाक मारणे शिष्टसंमत नव्हते. देव आणि माणूस यांत शब्दाचे तरी अंतर राखावे, असा त्यामागील विचार दिसतो.

हे अंतर मिटवण्याचे काम भक्तिपरंपरेने केले आणि त्यासाठी तिने जी कथा आधाराला घेतली तिच्या केंद्रस्थानी नेमके हेच नाव आहे. भागवत पुराणाच्या सहाव्या स्कंधात कान्यकुब्ज नगरीतील अजामिळ नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. आचारभ्रष्ट होऊन आयुष्य काढलेल्या या माणसाला दहा मुलगे होते आणि सर्वांत धाकट्याचे नाव नारायण होते. मरणसमयी यमदूत समोर दिसताच भेदरलेल्या अजामिळाने दूर खेळणाऱ्या या मुलाला मोठ्याने हाक मारली, आणि ती हाक देवाला उद्देशून नसतानाही केवळ नामोच्चारामुळे विष्णुदूत धावून आले व त्यांनी त्याची सुटका केली. यमदूत आणि विष्णुदूत यांच्यात या प्रसंगी झालेला वाद हा एका अर्थाने नामसिद्धांताचा खटलाच आहे : चेष्टेने, संकेताने किंवा दुसऱ्याच कोणाला उद्देशून घेतलेले नामही पापाचा नाश करते का, हा त्यातील प्रश्न, आणि निकाल नामाच्या बाजूने लागतो.

वारकरी संतांच्या अभंगांत, कीर्तनकारांच्या निरूपणात आणि हरिदासांच्या आख्यानांत अजामिळ वारंवार येत राहिला आणि त्यातून एक व्यवहारी निष्कर्ष घराघरांत पोहोचला. मुलाला देवाचे नाव ठेवले की जेवायला बोलावताना, शेतावरून हाक मारताना, रागावतानासुद्धा आपोआप नामस्मरण घडते. जे गृह्यसूत्राला अनादर वाटत होते ते भक्तीच्या दृष्टीने पुण्यसाधन ठरले, आणि विठ्ठल, पांडुरंग, गोविंद, माधव, केशव यांच्याबरोबर नारायणही पाळण्यात आला.

नित्यकर्मानेही या नावांना बळ दिले. संध्येच्या आरंभी आचमन करताना विष्णूची चोवीस नावे घेतात आणि त्यांतील पहिली चार केशव, नारायण, माधव व गोविंद ही आहेत. विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर ही पुढची नावे पाहिली तरी एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांची, वकिलांची आणि शास्त्र्यांची यादी वाचत असल्याचा भास होतो. या चोवीसांपैकी पहिली बारा नावे मार्गशीर्षापासून सुरू होणाऱ्या बारा महिन्यांनाही अनुक्रमे जोडली गेली, आणि त्या क्रमाने पौष महिना नारायणाच्या वाट्याला आला.

मराठी मुखातील रूपे

देवनाम व्यवहारात रुळले की जीभ त्याला आपल्या सोयीने वळवते. बोलीत नारायणाचा 'नाराण' होतो, मित्रांत 'नाऱ्या' होतो, वयस्कर माणसाचा 'नारबा' होतो, पत्रात 'नारायणराव' होतो, आणि पेशा किंवा मान दाखवायचा असल्यास नारायणशास्त्री, नारायणभट, नारायणबुवा अशी रूपे बनतात. शिवकाळात व पेशवाईत कागदोपत्री 'नारो' हे रूप सर्रास आढळते. मोरेश्वराचा मोरो, नीळकंठाचा निळो, दत्तात्रेयाचा दत्तो, केशवाचा केसो तसाच नारायणाचा नारो. शिवकालीन मोरो त्रिंबक, निळो सोनदेव आणि अण्णाजी दत्तो या नावांतून हा साचा इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. इचलकरंजी संस्थानाचे मूळ पुरुष नारो महादेव, पुण्याच्या तुळशीबागेतील राममंदिर उभारणारे नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले आणि नाशिकच्या गोदाकाठी ज्यांच्या नावाचे मंदिर आहे ते नारो शंकर राजेबहादूर ही या रूपाची ठळक उदाहरणे होत. नाशिकच्या त्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली मोठी घंटा 1739 सालच्या वसईच्या विजयाशी जोडली जाते आणि आजही 'नारोशंकराची घंटा' म्हणूनच ओळखली जाते.

'नाना' हे संबोधन नारायण नावाच्या व्यक्तींना पुष्कळदा मिळते. 1932 साली 'सकाळ' सुरू करणारे नानासाहेब परुळेकर हे नारायण भिकाजी, तर समाजवादी नेते नानासाहेब गोरे हे नारायण गणेश. तथापि नाना म्हणजे नारायणच असे समीकरण मांडता येत नाही, कारण नाना फडणवीस हे बाळाजी जनार्दन होते, नाना शंकरशेट हे जगन्नाथ होते आणि नानासाहेब पेशवे हे बाळाजी बाजीराव होते. 'ना.' या आद्याक्षराची गतही तशीच आहे. ना. सी. फडके म्हणजे नारायण सीताराम, पण ना. धों. महानोर म्हणजे नामदेव धोंडो आणि ना. घ. देशपांडे म्हणजे नागोराव घनश्याम. शिवाय जुन्या वर्तमानपत्रांत 'ना. गोखले' असे छापलेले आढळले तर तेथे 'ना.' म्हणजे नामदार असते.

गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत हे नाव रोमन लिपीत गेले, तेव्हा कोकणी उच्चाराला धरून त्याचे 'नाराणा' असे रूप झाले. पोर्तुगालच्या संसदेचे सदस्य राहिलेले, गोव्यात जन्मलेले नाराणा कोइसोरो यांच्या नावात ते रूप जसेच्या तसे टिकलेले दिसते.

बाप, लेक आणि नातू

मराठी नामपद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असल्याने एकच नाव एका पिढीत प्रथमस्थानी आणि दुसऱ्या पिढीत मधल्या स्थानी येते. संगीतशास्त्रकार भातखंडे यांचे पूर्ण नाव विष्णू नारायण. येथे पिता आणि पुत्र अशा दोघांना एकाच देवाची दोन नावे मिळाली आहेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत जिथे पाळली जाई, तिथे दोन नावे आलटून पालटून येत राहत, आणि एखाद्या घराण्यात हरीचा नारायण व नारायणाचा हरी अशी साखळी तयार होई. मराठी कादंबरीच्या इतिहासात या साखळीचा भास निर्माण करणारी एक जोडी आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिणारे हरि नारायण आपटे हे एक, आणि ज्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभात कंपनीने 1937 साली 'कुंकू' हा चित्रपट काढला ते नारायण हरि आपटे हे दुसरे. नावांवरून ते पितापुत्र वाटावेत, परंतु ते तसे नव्हते. नावांचा साठा मर्यादित आणि रीत एकच असल्यामुळे हा योग जुळून आला होता.

पेशव्यांच्या घराण्यात मधल्या नावाला राजकीय अर्थही आला. नारायणराव पेशवे यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात वध झाला, त्या वेळी त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर जन्मलेल्या मुलाला बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांच्या विरोधात एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या मंडळाने, पेशवेपदावर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. इतिहासात सवाई माधवराव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेशव्याचे नाव माधवराव नारायण; ज्याच्या हक्कासाठी एवढा संघर्ष झाला त्या बालकाच्या दाव्याचा सारा आधार त्या दुसऱ्या शब्दात होता. पुण्यातील नारायण पेठही या नारायणरावांच्या नावाने ओळखली जाते. नारायणपेठ साडीचा मात्र या पेठेशी संबंध नाही; ती तेलंगणातील नारायणपेठ या विणकरांच्या गावावरून आलेली आहे.

विवाहाच्या संदर्भात या नावाने आणखी एक परिणाम घडवला. लग्नविधीत वराला विष्णुस्वरूप आणि वधूला लक्ष्मीस्वरूप मानतात, शोभून दिसणाऱ्या दांपत्याला 'लक्ष्मीनारायणाचा जोडा' म्हणतात, आणि लग्नात वधूचे नाव बदलण्याची जी रीत अनेक मराठी घरांत होती तिच्यात, ताम्हनातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिताना, पतीच्या नावाशी जुळणारे देवीचे नाव निवडण्याकडे कल असे. कवी नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह झाल्यावर माहेरची मनकर्णिका गोखले ही लक्ष्मी झाली, आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे मराठी वाङ्मयात अजरामर झालेले लक्ष्मीबाई टिळक हे नाव अशा रीतीने सिद्ध झाले.

एक नाव, अनेक समाज

टिळकांचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण विष्णूचे नाव टाकले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच नावाने त्यांनी मराठी चर्चला अभंगांच्या आणि भजनांच्या वळणाची गीते दिली. धर्म बदलला तरी मराठी भक्तीची भाषा बदलण्याची गरज नाही, ही त्यांची भूमिका होती आणि त्यांचे नाव तिच्याशी सुसंगतच राहिले.

वैष्णव पुराणांतून आणि संध्येच्या पाठातून आलेले हे नाव ब्राह्मण घरांपुरते मर्यादित राहिले असते तर आश्चर्य वाटले नसते, पण तसे झाले नाही. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी भटशाहीवर कठोर टीका केली, आणि त्यांच्याच प्रयत्नांमुळे 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. गिरणगावातच पुढे नारायण सुर्वे वाढले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेल्या तान्ह्या मुलाला घरी आणून वाढवले आणि आपले आडनाव दिले. 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 'माझे विद्यापीठ' या संग्रहांनी त्या मुलाचे नाव मराठी कवितेत कायमचे नोंदवले गेले. मुंबईच्या राजकारणात 1952 च्या लोकसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडून आलेले काँग्रेसचे उमेदवार नारायण सदोबा काजरोळकर हेही अनुसूचित जातीतील होते. म्हणजे नाव ऐकून माणसाची जात, पंथ किंवा मत ओळखता येईल, अशी सोय 'नारायण' या नावाने ठेवलेली नाही.

काही थोर व्यक्तींच्या बाबतीत मूळचे नारायण हे नाव दुसऱ्या नावाआड गेले. जालना जिल्ह्यातील जांब गावी 1608 साली सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून प्रसिद्ध झाला. सूर्योपासक पित्याच्या मुलाला हे नाव मिळाले, यात सूर्य आणि नारायण यांचे लोकमानसातील ऐक्य दिसते. जुन्या पिढीतील खेडुतांच्या बोलण्यात व जात्यावरच्या ओव्यांत नुसता 'नारायण' म्हणजे सूर्यच, आणि पौषातील रविवारी सूर्याची पूजा करण्याची रीतही महाराष्ट्रात आहे. 1888 साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व या नावाने रंगभूमीवर अधिराज्य करू लागले, तरी त्यांच्या निकटवर्तीयांच्या आणि रसिकांच्या तोंडी ते अखेरपर्यंत 'नारायणराव'च राहिले.

विधी, गाव आणि वाक्प्रचार

व्यक्तिनामाबाहेर या शब्दाचा सर्वाधिक परिचित वापर सत्यनारायणाच्या पूजेत होतो. स्कंदपुराणातील रेवाखंडाचा भाग म्हणून सांगितली जाणारी पाच अध्यायांची कथा, तिच्यातील लाकूडतोड्या, नवस विसरणारा साधुवाणी, त्याची पत्नी लीलावती आणि प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावणारी मुलगी कलावती, तसेच सव्वा मापाने घेतलेला रवा, तूप, साखर, दूध आणि केळी यांचा शिरा, हे सारे मराठी घरांत इतके मुरलेले आहे की गृहप्रवेश, लग्नानंतरची पहिली पूजा, चाळीचा वार्षिक उत्सव किंवा कचेरीतील कार्यक्रम यांत 'सत्यनारायण घालणे' ही वेगळी क्रियाच बनली आहे. त्र्यंबकेश्वर येथे केला जाणारा नारायण-नागबळी हा विधी याच्या उलट टोकाचा. त्यातील नारायणबळी हा भाग अपघातासारख्या अकाली मृत्यूने गेलेल्यांच्या सद्गतीसाठी, तर नागबळी हा नागहत्येच्या दोषनिवारणासाठी असतो. दशनामी संन्यासी एकमेकांना अभिवादन करताना नारायणाचेच नाव घेतात, आणि कीर्तनातील व चित्रपटांतील नारदमुनी तर 'नारायण, नारायण' म्हटल्याशिवाय प्रवेशच करीत नाहीत. 'दरिद्रनारायण' हा शब्द स्वामी विवेकानंदांच्या विचारांतून रूढ झाला आणि महात्मा गांधींनी खादीच्या कार्यात त्याचा सतत उपयोग केला. गरिबालाच देव मानावे हा अर्थ त्यात दोन शब्दांच्या जोडणीने साधला आहे.

गावाच्या नावातून आडनाव बनण्याची मराठी रीतही येथे लागू पडते. नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे माहेर मानले जाते. यात्रांच्या हंगामापूर्वी फडमालक तेथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे लोक तेथे येऊन सुपारी देतात. याच गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी ते मराठी लोककलेच्या इतिहासात नेले. विष्णूचे नाव गावाला, गावाचे नाव कलावंत घराण्याला, आणि घराण्याचे नाव एका तमाशासम्राज्ञीला, असा हा क्रम आहे.

विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचा मान मात्र पु. ल. देशपांडे यांच्यामुळे मिळाला. 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकातील नारायण हा लग्नघरात सर्वांच्या हाकेला धावणारा, बस्त्यापासून पंगतीपर्यंत सगळे पाहणारा आणि कार्य उरकल्यावर कोणाच्या फारसा लक्षात न राहणारा माणूस आहे. या व्यक्तिचित्रानंतर 'प्रत्येक लग्नात एक नारायण लागतो' अशा अर्थाचे बोलणे मराठीत सहज होऊ लागले. हाकेसरशी धावून येणारा हा माणूस आणि अजामिळाच्या हाकेला पावलेला देव यांचे नाव एकच आहे, ही गोष्ट या विनोदाला नकळत खोली देते.

महाराष्ट्राबाहेर

भारतभर आणि भारताबाहेर हे नाव वेगवेगळ्या जागी बसते. मलयाळम व तमिळ भाषांत ते अन्-कारान्त होते, जसे माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन. केरळमध्ये जातिभेदाविरुद्ध उभे राहून 1888 साली अरुविप्पुरम येथे स्वतः शिवलिंगाची प्रतिष्ठापना करणारे श्रीनारायण गुरू यांनी या नावाला सामाजिक समतेच्या चळवळीशी जोडले. बिहारमध्ये ते नावाचा उत्तरार्ध होऊन जवळजवळ आडनावासारखे वागते, आणि जयप्रकाश नारायण यांना उर्वरित देशाने त्या अर्थानेच ओळखले. कोच राजघराण्यात नरनारायण राजापासून पुढे 'नारायण' ही पदवीच झाली व त्यांच्या नाण्यालाही 'नारायणी' म्हणू लागले. याच घराण्यातील जितेंद्र नारायण यांच्याशी 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांची कन्या इंदिराराजे यांचा विवाह झाला. नेपाळच्या एकीकरणाचा पाया घालणारे पृथ्वीनारायण शाह यांच्या नावातही ते आहे. आणखी पूर्वेला थायलंडमध्ये विष्णूला 'फ्रा नाराय' म्हणतात आणि अयुथ्या राज्यावर 1656 ते 1688 या काळात राज्य करणारा, फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी राजदूतांची देवघेव करणारा राजा नाराय या नावानेच इतिहासात ओळखला जातो.

आजच्या मराठी आईवडिलांची पसंती दोन-तीन अक्षरी, नव्या घडणीच्या नावांकडे वळली आहे, आणि 'नारायण' हे नाव ऐकताच डोळ्यांसमोर आजोबांच्या वयाचा माणूस येतो. त्यामुळे हे नाव आता प्रामुख्याने मधल्या जागी, वडिलांचे नाव म्हणून आढळते, आणि मराठी नामपद्धतीच्या रचनेनुसार आणखी एका पिढीत ते तेथूनही मागे सरेल. तथापि देवाचे नाव थेट माणसाला ठेवू नये हा सूत्रकाळचा संकोच परत आलेला नाही; शिवांश, अद्वैत, विहान यांच्याबरोबरच रुद्र, कृष्णा आणि माधव ही देवनामे आजही मुलांना ठेवली जातात. फॅशन बदलली आहे ती नावांच्या निवडीत. मुलाला मारलेली हाक ही देवाच्या नावाचीही असावी, हा अजामिळाच्या कथेने रुजवलेला विचार मात्र मराठी घरांत कायम आहे.